गोधडीतली बिअर

वॉटरफोर्डमध्ये ज्यांची घरं उबदार आहेत, त्यांची मला हल्ली कीव येते. नोव्हेंबर लागला की आमच्या हॉस्पिटलातली मंडळी एकमेकांना थंडीची रडगाणी ऐकवतात. कुणाचा बॉयलर बसलाय, कुणाच्या खिडकीतून वारा येतो, कुणाचा घरमालक फोनच उचलत नाही. मी सगळं ऐकून घेते आणि गालातल्या गालात हसते. माझ्या फ्लॅटच्या मागच्या अंगाला एक चिंचोळी खोली आहे. दगडी भिंत, उत्तरेची खिडकी, आणि रेडिएटर असला तरी तो लावायचा नाही असा माझा नियम. हिवाळाभर त्या खोलीतला पारा दहा-अकराच्या पुढे सरकत नाही. पहिली दोन वर्षं मी त्या खोलीला मनसोक्त शिव्या घातल्या. आता घर बघायला कुणी आलं, तर नदीकडची खिडकी मी नंतर दाखवते, आधी ही खोली.

कारण लागर नावाची बिअर थंडीत आंबते. बाकीच्या बिअरी खोलीतल्या उबेत चारपाच दिवसांत उरकतात. लागरचं यीस्ट मात्र गारठ्यात, सावकाश, कुणाच्या बापाला न जुमानता काम करतं. हौशी लोक त्यासाठी वेगळा फ्रीज विकत घेतात. मला तो घरभाड्यातच मिळालाय.

काल पुन्हा मी त्या खोलीत बादली ठेवली. दुपारभर मोठ्या पातेल्यात माल्टचा पाक उकळत होता. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, भाजलेला सातू. नाचणीचं सत्त्व करताना घरात जो गोडसर, खमंग वास भरतो, त्याचाच हा थोरला भाऊ. वर हॉप्सची वाळलेली फुलं पडली की त्यात कडवट, गवताळ वास मिसळतो. खिडक्यांवर वाफ धरली, चष्मा धुरकटला, आणि तीन हिवाळ्यांपूर्वीचे ते दिवस स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. आईसकट.

आईवडिलांना इथे सगळे उन्हाळ्यात बोलावतात. रात्री दहापर्यंत उजेड, हिरव्या टेकड्या, समुद्रकिनारी आइस्क्रीम. माझी रजा आणि आईचा व्हिसा यांचा मेळ मात्र नोव्हेंबरात बसला, आणि माझी आई अकोल्याच्या उन्हातून थेट चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात उतरली. बॅगेत तीन किलो तिखट-मसाले आणि एक गोधडी. स्वतः टाके घालून शिवलेली, जाडजूड, खास माझ्यासाठी. मी म्हटलं, "आई, माझ्याकडे ड्युव्हे आहे गं, इथली जाड रजई." तिनं ती गोधडी हातात घेतली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कपाटात ठेवून दिली. ह्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आईनं तो शब्द दोन दिवसांत उचलला. 'ग्रँड' हा 'छान'साठीचा इथला शब्द तर तिनं विमानतळावरच उचलला होता. पोळी फुगली की ग्रँड, पाऊस थांबला की ग्रँड, आणि मी उशिरा घरी आले की जरा वेगळ्या सुरात ग्रँड.

माझ्या आईचा हात विरजणाचा आहे. आमच्या गल्लीत दही बिघडलं की बाया वाटी घेऊन तिच्याकडे यायच्या. ताकाची धार, लोण्याचा गोळा, आंबिलीचा आंबटपणा, इडलीच्या पिठाची फुगवण, ह्यातलं काहीही तिला चमचा न लावता कळतं. ती फक्त झाकण किलकिलं करते आणि नाक पुढे करते. आणि अशा बाईच्या पोटी मी. माझं दही कधी पाण्यासारखं, कधी तारा सुटलेलं. बाराव्या वर्षी आईनं निकाल दिला, "तुह्या हाताचं दहीच लागत नाई वो." रागानं नव्हे, डोळ्यांचा नंबर सांगावा तसं. मी पुढे डॉक्टर झाले, परदेशात आले, शेकडो लोकांना भूल दिली आणि शुद्धीवर आणलं. पण ते वाक्य काही हातावरून पुसलं गेलं नाही.

भूल देणं हे विचित्र काम आहे. ते जमलं, ह्याचा अर्थ काहीच घडलं नाही. पेशंट जागा होतो, सर्जनचा हात हातात घेतो, आणि मी कोण हे त्याला आठवतही नाही. तसंच असायला हवं, माझी तक्रार नाही. पण चाळिशीच्या आसपास मला फार वाटायला लागलं, की आपल्या हातून असं काहीतरी व्हावं जे कुणीतरी उजेडात धरून बघेल. मला दह्याची भीती वाटत होती. बिअरची वाटली नाही.

खालच्या मजल्यावर डेकलन राहतो. सत्तरी ओलांडलेला, एकटा, आयुष्यभर एका ब्रुअरीत टाक्या सांभाळलेला माणूस. माझा बेत ऐकून तो जिन्यातच थांबला.

"एल कर, डॉक्टर, उबेत होणारी साधी बिअर," तो म्हणाला. "एल माणसाच्या चुका पोटात घालते. लागर चुगली करते. तिच्यात लपायला जागाच नसते."

"मला लागरच करायची आहे."

"मग सेंट ब्रिजिडच्या दिवशी मला एक ग्लास दे. जे असेल ते तोंडावर सांगेन."

एक फेब्रुवारी. पैज नव्हती, पण मला पैजेसारखीच लागली.

आई आली तेव्हा बादलीला आठवडा होत आला होता. झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी असते, आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो. शांत घरात तो आवाज चांगला ऐकू येतो. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग बुडुक. आईनं पहिल्याच सकाळी विचारलं, "हे काय हाये?"

इथे मी खोटं बोलले. आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आईचा धाकटा भाऊ, माझा वसंतमामा, त्या वस्तूपायी चाळिशीच्या आत गेला होता. त्याच्या तेराव्यानंतर आईनं त्याचं नावही फारसं घेतलं नाही. मग मी तिला काय सांगणार? शेवटी सांगितलं, "सातूची आंबील आहे. इथले लोक पितात."

अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलताना माणूस स्वतःवर जास्तच खूश होतो.

"आंबील? मंग एवढ्या थंडीत काहून ठेवली वो तिले?"

"इथे अशीच ठेवतात."

आईला ते पटलं नाही. पण पोरगी डॉक्टर, देश तिचा. ती पोळ्यांकडे वळली. येताजाता मात्र त्या खोलीच्या दाराशी थांबायची. ड्युटीवरून आले की मला रोज अहवाल मिळायचा. "सकायी लय बोलत होती. आता मुकी झाली." मी दिवसातून दोनदा तापमान टिपायची, बादली टॉवेलनं पुसायची, तिच्याकडे अभिमानानं बघत राहायची. अकरा अंश. सगळं शहर कुडकुडत होतं, आणि माझी थंडी माझ्यासाठी राबत होती.

मग बादलीला अडीचतीन आठवडे झाले असताना एका सकाळी आई दारातूनच म्हणाली, "लोन्याचा वास येऊन रायला."

मी झाकण किलकिलं केलं. खरंच येत होता. ताज्या नव्हे, जरा जुन्या लोण्याचा. लागरमध्ये लोणी म्हणजे फोडणीत साबण. तरी मी म्हटलं, "असतो असा."

"नसते. अर्धवट राह्यलं ते. थंडीनं आखडून बसलं. जरा ऊब दे त्याले."

"आई, ह्याला थंडीच लागते. मी वाचलंय सगळं."

माझ्या तोंडून 'मी वाचलंय' हे वाक्य निघतं, तेव्हा समजावं की मी पुरतं वाचलेलं नाही. पण ही अक्कल नंतरची.

त्या वासाच्या धास्तीनं मी बादलीकडे फिरकलेच नाही. दोन दिवसांनी दुपारी लवकर घरी आले तर मागच्या खोलीचं दार लावलेलं. दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसलेला. उघडलं, तर अंगावर उबदार हवेचा लोट आला. रेडिएटर चालू. आणि कोपऱ्यात माझी बादली, गळ्यापर्यंत गोधडी गुंडाळून, वर आईचा मफलर बांधून बसलेली. सर्दी झालेल्या पोरासारखी. बादलीवरची तापमानाची पट्टी अठरा दाखवत होती.

मी ओरडले. मी फार ओरडत नाही. ऑपरेशन थिएटरात आवाज चढवणारी भूलतज्ज्ञ कुणाला आवडत नाही. पण तेव्हा ओरडले. "तीन आठवड्यांची मेहनत माझी! तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "परवापासून दिली ऊब. तू ड्युटीवर गेली का लावतो, याच्या आंधी काढतो. आंबील अशा गारठ्यात लागन तरी कशी? आन् गोधडी तुह्यासाठीच आनली होती. तू नाई घेतली तं तिले दिली."

"आंबील नाहीये ती!" मी म्हटलं. "बिअर आहे. दारू आहे, आई. मी दारू करते आहे."

नळी त्याच क्षणी बुडुक म्हणाली. आईनं बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातला नॅपकिन तिनं नीट चौकोनी घडी करून खिडकीत ठेवला आणि ती तिच्या खोलीत गेली.

पुढचे दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मीठ, छत्री, किल्ली. तिसऱ्या दिवशी डेकलन माझी चुकून त्याच्याकडे गेलेली पत्रं द्यायला वर आला. मला कुणाशी तरी बोलायचंच होतं. मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि झालेला घात सांगितला. गोधडी अजून तशीच होती. ती काढायचंही मला सुचलं नव्हतं. त्यानं नळी बाजूला केली, वाकून वास घेतला. स्वच्छ पळीनं थोडी बिअर काढून जिभेवर घोळवली.

"लोणी कधी होतं म्हणालीस?"

"पाच दिवसांपूर्वी."

"आता नाहीये."

मी वास घेतला. नव्हता. नुसता भाजल्या सातूचा आणि गवताचा, धुतल्यासारखा वास.

डेकलननं मला जिन्यातल्यासारख्याच शांतपणे समजावलं. लागर थंडीत आंबते हे खरं, पण शेवटी शेवटी तिला दोनतीन दिवसांची ऊब लागते. थंडीनं सुस्तावलेलं यीस्ट जागं होतं आणि आपणच मागे ठेवलेलं ते लोणी खाऊन टाकतं. मग पुन्हा थंडी, ह्याहून कडक, काही आठवडे. "आम्ही टाक्यांना हेच करायचो," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं? आणि अगदी नेमक्या दिवशी?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आई तिथे पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती.

तो गेल्यावर मी माल्टच्या डब्यासोबत आलेलं माहितीपत्रक काढलं. मागच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. ठळक अक्षरांत. मी पान उलटलंच नव्हतं. थंडीच्या गर्वात मी इतकी बुडाले होते, की ऊब हा शब्द शोधायला मी गेलेच नाही.

मी आईजवळ जाऊन उभी राहिले. माफी मागायला पाठ केलेलं वाक्य होतं, ते आठवेना. म्हणून म्हटलं, "लोण्याचा वास गेला."

"जानारच," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "वसंता लपवून प्यायचा. दप्तरात, पेटीत, तुळशीच्या मांगं. मले सारं कयायचं, आन् मी कयलं नाई असं दाखवो. तो बी खोटा आन् मी बी खोटी. त्या वस्तूचा राग हायेच मले, तो जानार नाई. पन तू आंबील म्हनली ना, ते जास्त लागलं."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं. आता जे करशीन ते उघड कर." तिनं भाकरी टोपलीत टाकली, गॅस बंद केला, आणि मग त्याच आवाजात विचारलं, "आता पुढं काय करा लागते तिले?"

ह्या एका प्रश्नावर मी आजही जीव ओवाळून टाकते. तिला राग नव्हता म्हणून नाही, राग होता तरी तिनं विचारलं. अर्धवट लागलेलं काम टाकून द्यायचं, हे त्या हाताला ठाऊकच नाही.

पुढची थंडी डेकलनच्या परसातल्या दगडी शेडमध्ये मिळाली. आम्ही तिघांनी बादली जिन्यावरून उतरवली. तो पुढे, मी मागे, आणि आई मध्ये, दोन्ही भाषांत सूचना देत. डिसेंबर गेला. ख्रिसमसच्या दिव्यांखाली गाव दोन आठवडे लाल-हिरवं होऊन परत राखाडी झालं. आई रोज सकाळी स्वेटरवर स्वेटर चढवून, माझे बूट घालून शेडमध्ये जायची. झाकणाला हातही लावायची नाही. बादलीला तळवा टेकायची, थंडी मोजायची आणि परत यायची. "आज मस्त गार हाये," ती मला हॉस्पिटलात फोन करून सांगायची, आणि मी फोन ठेवून पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगायची, दहा, नऊ, आठ. जानेवारीच्या मध्याला आम्ही बाटल्या भरल्या. बाटल्या तिनं धुतल्या. माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि हे मी, दिवसातून चाळीस वेळा हात धुणारी बाई, कबूल करते आहे.

एक फेब्रुवारी हा इथे वसंताचा पहिला दिवस. बाहेर पाच अंश आणि तिरपा पाऊस असला तरी वसंतच. डेकलननं लव्हाळ्याचा विणलेला क्रॉस आणला आणि माझ्या दारावर लावला. ब्रिजिड गोठ्याची, दुधालोण्याची संत, त्यानं आईला समजावलं, आणि मी भाषांतर करत गेले. तिनं म्हणे एकदा आंघोळीच्या पाण्याची बिअर करून दिली होती.

"संत होती का दारू गाळनारी?" आईनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली, आणि क्रॉसला हात जोडले.

मी बाटली उघडली. फुस्स झालं, फेस चढला, आणि ग्लासात ती उभी राहिली. सोनेरी, आरपार. ग्लासामागची खिडकी दिसत होती, खिडकीतली नदी दिसत होती. डेकलननं ग्लास उजेडाकडे धरला. माझ्या आयुष्यात मी केलेलं काहीतरी कुणीतरी उजेडात धरून बघत होतं. तो एक घोट प्याला. मग दुसरा. मग खुर्चीवर नीट बसला.

"क्लीन," तो म्हणाला.

बस, एवढंच. चाळीस वर्षं टाक्या सांभाळलेला माणूस लागरबद्दल ह्याहून मोठं काही बोलत नाही, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नुसतं रडू आलं. मी फार प्रयत्न केला नाही ते थोपवायचा.

"काय म्हनला तो?"

"स्वच्छ आहे म्हणाला."

आईनं माझा ग्लास उचलला. तिनं तो ओठांना लावला नाही, लावणारही नव्हती. तिनं फक्त नाक पुढे केलं, डोळे मिटले, आणि गल्लीतल्या बायांच्या वाट्या तपासताना घ्यायची तसा एक लांब श्वास घेतला. मी बारा वर्षांची होऊन निकालाची वाट बघत उभी राहिले.

"लोन्याचा वास नाई," ती म्हणाली, आणि ग्लास ठेवला. हाताबद्दल एक अक्षर नाही.

दोन आठवड्यांनी ती परत गेली. गोधडी प्रेसमध्येच ठेवून गेली. पुढचे दोन्ही हिवाळे मी तिला फोन करून विचारलं, आता ऊब देऊ का, आणि तिनं अकोल्यातून, वास न घेता, नुसती माझ्या सांगण्यावरून तारीख काढून दिली. दोन्ही वर्षी बिअर चांगली उतरली. पण ते श्रेय कुणाचं, हे मला ठाऊक होतं. मधे एकदा शेजारच्या सुमनकाकूंनी आईच्या हातून फोन ओढून घेतला. "काय वो डॉक्टरीन, तू म्हने तिकडे बिअर बनवतं? तुही माय साऱ्या गल्लीले सांगून रायली!" मागून आईचा आवाज आला, "सांगन नाई तं काय, लपवू?" मी कितीतरी वेळ हसत होते, आणि हसता हसता वसंतमामा आठवला.

काल बादली झाकून झाली आणि रात्रीच्या जेवणाआधी मी आईला फोन लावला. म्हटलं, या वर्षीची ठेवली बरं का. लोण्याचा वास कधी येईल, ऊब कधी द्यायची, तुला मध्ये मध्ये फोन करीन.

"मले काहून विचारतं?" आई म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं ती मोजली, आणि मग म्हणाली, "आता लागते तुह्या हाताचं."